प्राचीन चीनमधील 'ली' संकल्पना आणि तिची सौंदर्यमूल्ये

प्रस्तावना

प्राचीन चिनी संस्कृतीच्या अभ्यासकाला 'ली' ही संज्ञा पदोपदी भेटते. मराठीत तिच्यासाठी विधी, संस्कार, शिष्टाचार, आचारधर्म, मर्यादा असे अनेक पर्याय सुचतात. यांपैकी प्रत्येक शब्द 'ली'चा एखादा पैलू उजळतो. परंतु तिचा संपूर्ण आशय पेलणारा एकही शब्द सापडत नाही. पूर्वजांना अन्न व मद्य अर्पण करणे, राजदरबारात पाऊल कसे टाकावे, अतिथीला कोणत्या पायऱ्यांनी वर न्यावे, आईवडिलांच्या निधनानंतर कोणते वस्त्र किती काळ धारण करावे, या सर्व बाबी प्राचीन चीनमध्ये 'ली' या एकाच शब्दाखाली येत असत.

'ली'चा विचार बहुधा नीतिशास्त्र किंवा राज्यव्यवस्था यांच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखात तो सौंदर्यमूल्यांच्या दृष्टीने केला आहे. त्यासाठी दोन प्रश्न समोर ठेवले आहेत. विधीतील सौंदर्य हा आचरणावर वरून चढवलेला साज आहे की तो आचरणाचाच अंगभूत घटक आहे, हा पहिला प्रश्न. जे विधी सुंदर आहेत ते न्याय्यही असतात काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चिनी विचारवंतांनी मोठ्या आत्मविश्वासाने दिले. दुसऱ्या प्रश्नाने मात्र त्यांना सतत अस्वस्थ केले. या विवेचनाची कालमर्यादा स्थूलमानाने झोऊ राजवंशाचा काळ (इ. स. पू. सुमारे १०४६ ते २५६) आणि त्या काळाचा आचार ज्यांत संकलित झाला ते हान काळापर्यंतचे ग्रंथ अशी आहे.

'ली' : शब्द आणि ग्रंथपरंपरा

'ली' या शब्दाच्या चिनी लेखनचिन्हाचे दोन भाग आहेत. डावा भाग दैवतांशी संबंधित बाबी सुचवतो, तर उजवा भाग अर्पणपात्राचे चित्र आहे असे परंपरेने मानले जाते. म्हणजे या शब्दाचे मूळ यज्ञवेदीशी आहे. इ. स. १०० च्या सुमारास शू शेन याने सिद्ध केलेल्या कोशात 'ली'चा अर्थ 'पाऊल टाकणे, चालणे' या जवळपास समान उच्चाराच्या शब्दाशी जोडलेला आहे. आपल्याकडील 'आचार' हा शब्दही 'चर्' म्हणजे चालणे या धातूपासून आलेला आहे, हे येथे सहज आठवते. दोन्हीकडे सदाचरण ही केवळ मनातली धारणा नसून ती प्रत्यक्ष चालण्याची, देहाने करण्याची गोष्ट मानली गेली.

राजवंशाच्या आरंभीचा राजपुरुष ड्यूक ऑफ झोऊ याने विधी आणि संगीत यांची व्यवस्था घालून दिली, असे परंपरा मानते. आज उपलब्ध असलेले ग्रंथ मात्र नंतरच्या काळातील आहेत. त्यांपैकी तीन प्रमुख होत. 'यीली'च्या १७ प्रकरणांत विधींचा क्रम तपशीलवार दिला आहे. 'झोऊली'त राज्यातील अधिकारपदांची रचना आहे. आणि 'लीजी'च्या ४९ प्रकरणांत विधींमागील अर्थाची चर्चा आहे. 'यीली' कृती सांगते आणि 'लीजी' तिचे कारण सांगते, असा भेद ढोबळमानाने करता येईल. सौंदर्यविचाराच्या दृष्टीने दोन्ही ग्रंथ एकत्र वाचावे लागतात.

भाव आणि रूप : मात्रेचा विचार

कन्फ्यूशियसच्या (इ. स. पू. ५५१ ते ४७९) संवादांचा संग्रह असलेल्या 'लुन्यू'मध्ये लिन फांग नावाचा एक जण 'ली'चे मूळ काय, असे विचारतो. कन्फ्यूशियस या प्रश्नाचे मोल मान्य करतो आणि सांगतो, की विधीत उधळपट्टीपेक्षा काटकसर बरी आणि शोकविधीत बिनचूक व्यवस्थेपेक्षा खरे दुःख बरे. एवढ्यावरून त्याच्या लेखी रूप दुय्यम होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. अन्यत्र तो म्हणतो, की माणसातील मूळ द्रव्य संस्कारावर मात करते तेव्हा तो रांगडा ठरतो आणि संस्कार मूळ द्रव्यावर मात करतो तेव्हा तो नुसता कारकुनी थाटाचा होतो. दोहोंचा समतोल साधतो तोच सज्जन होय.

या समतोलातील संस्कारवाचक शब्द 'वेन' असा आहे. त्याचा मूळ अर्थ नक्षी किंवा रेखांकन. पुढे त्याच शब्दाने अलंकरण, लेखन, साहित्य आणि संस्कृती असे अर्थ धारण केले. हा अर्थविस्तार बोलका आहे. ज्या शब्दाने भांड्यावरील नक्षी दाखवली जाई, त्याच शब्दाने माणसावरील संस्कारही दाखवला गेला.

'लुन्यू'तील आणखी एक संवाद या संदर्भात महत्त्वाचा आहे. झिशिया हा शिष्य चित्रकलेतील पांढऱ्या रंगाच्या उल्लेखावरून 'ली' नंतर येते काय, असे विचारतो आणि कन्फ्यूशियस त्याच्यावर प्रसन्न होतो. या ठिकाणी भाष्यकारांत मतभेद आहे. झेंग शुआन (इ. स. १२७ ते २००) याच्या मते चित्रात आधी विविध रंग भरले जातात आणि शेवटी पांढऱ्या रंगाने त्यांच्यामधल्या सीमा स्पष्ट होतात. झू शी (इ. स. ११३० ते १२००) याच्या मते आधी शुभ्र पार्श्वभूमी तयार होते आणि मग त्यावर रंग चढतात. पहिल्या अर्थाने 'ली' ही भावनांच्या रंगांना आकार देणारी अखेरची रेषा ठरते. दुसऱ्या अर्थाने ती निर्मळ मनाच्या भूमीवर उमटणारा रंग ठरते. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. चित्र पूर्ण होण्यासाठी दोन्ही घटक आवश्यक आहेत.

इ. स. पू. तिसऱ्या शतकातील शुन्झी याने या विचाराला शास्त्रीय बैठक दिली. त्याच्या मते भाव आणि रूप ही दोन्ही परिपूर्ण असतील तो विधी सर्वोत्तम होय. जे अति लांबले आहे ते 'ली' आखूड करते आणि जे अपुरे आहे ते वाढवते. दुःखाने कोसळणाऱ्याला ती आवरते आणि ज्याला पुरेसे दुःख होत नाही त्याला दुःखापर्यंत पोहोचवते. म्हणून विधीतील सौंदर्याचे मुख्य लक्षण मात्रा हे आहे. चिनी भाषेत या मात्रेसाठी 'जिए' हा शब्द येतो. बांबूचे पेर हा त्याचा मूळ अर्थ. तोच शब्द ऋतुसंधी, संगीतातील ठेका आणि संयम या अर्थांनीही वापरला जातो. बांबू सलग वाढतो, परंतु पेरांमुळेच त्याला बळकटी व आकार लाभतो. भावनेलाही अशीच पेरे हवीत, असा हा विचार आहे.

शोकवस्त्रांची व्यवस्था हे त्याचे उत्तम उदाहरण होय. नात्याच्या जवळिकीनुसार शोकाच्या पाच पायऱ्या ठरलेल्या होत्या. पित्यासाठीचे वस्त्र सर्वांत जाडेभरडे, कडा न शिवलेले. त्याचा काळ 'तीन वर्षे' म्हटला जाई. तो तिसऱ्या वर्षात प्रवेश करणारा, म्हणजे पंचवीस महिन्यांचा असे. त्यानंतरच्या पायऱ्यांत वस्त्राच्या कडा शिवल्या जात, वीण क्रमाने तलम होई आणि शेवटच्या पायरीचा काळ तीन महिन्यांवर येई. दरबारी पोशाखाच्या कापडात पन्हाभर बाराशे धागे असत, तर सर्वाधिक शोकाच्या कापडात सुमारे दोनशे चाळीस. दुःख जितके खोल तितके वस्त्र विरळ. येथे सौंदर्य शोभेत नाही. भावना आणि कापडाची वीण यांच्यातील अचूक मेळात आहे. शिवाय शोकाचा शेवटही ठरलेला होता. जगणाऱ्याने पुन्हा जगण्याकडे वळावे, ही तरतूद त्या मात्रेतच होती.

भारतीय काव्यशास्त्राशी परिचित वाचकाला येथे औचित्यविचार आठवेल. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात औचित्याला काव्याचे जीवित मानले. दोन्ही विचारांत योग्य जागी योग्य घटक हेच सौंदर्याचे मर्म आहे. फरक क्षेत्राचा आहे. क्षेमेंद्रापुढे काव्य होते. चिनी विचारवंतांपुढे प्रत्यक्ष जगण्यातील कृती होती.

देह, अवकाश आणि लय

'ली'चे सौंदर्य प्रथम देहातून प्रकट होते. 'यीली'तील वर्णनानुसार यजमान अतिथीला दाराशी भेटतो. दारापासून पायऱ्यांपर्यंत जाताना ते वळणावळणावर तीनदा एकमेकांना अभिवादन करतात आणि पायऱ्यांशी आल्यावर तीनदा एकमेकांना 'आधी आपण' असा आग्रह करतात. यजमान पूर्वेकडील पायऱ्यांनी चढतो, अतिथी पश्चिमेकडील. अशा रीतीने एक साधे अंगण समतोल आकृतिबंधात रूपांतरित होते. दोन माणसांमधला आदर अंतर, दिशा आणि गती यांच्याद्वारे दृश्य होतो.

तरुणाच्या शिरोवेष्टन संस्कारात हेच तत्त्व काळाच्या अंगाने दिसते. वयाच्या विसाव्या वर्षी होणाऱ्या या संस्कारात अतिथीच्या हस्ते तरुणाच्या मस्तकावर क्रमाने तीन शिरोवेष्टने चढवली जात. पहिले काळ्या कापडाचे, दुसरे पांढऱ्या मृगचर्माचे, तिसरे पूर्वजपूजेच्या प्रसंगी धारण करावयाचे. प्रत्येक वेळी तरुण आत जाऊन त्यानुरूप वस्त्रे बदलून येई. शेवटी त्याला एक नवे नाव मिळे आणि पुढे परक्यांनी त्याला त्या नावानेच हाक मारावी, असा संकेत असे. पहिले काळे शिरोवेष्टन सर्वांत साधे आणि सर्वांत पुरातन होते. संस्कारानंतर ते टाकून दिले तरी चालत असे. ज्याचा व्यवहारात उपयोग उरला नाही ते विधीत मात्र सर्वप्रथम येते, कारण ते आरंभाची आठवण देते.

धनुर्विद्येचा विधी याहून उद्बोधक आहे. सज्जन स्पर्धा करीत नाहीत, केलीच तर धनुर्विद्येत, असे कन्फ्यूशियसचे मत 'लुन्यू'त आले आहे. तेथेही स्पर्धक परस्परांना अभिवादन करून वर चढतात, खाली उतरतात आणि मद्य घेतात. 'यीली'त वर्णिलेल्या या विधीच्या तिसऱ्या फेरीत संगीताची साथ असे आणि ढोलाच्या ठेक्याशी न जुळलेला बाण लक्ष्यावर लागला तरी गणला जात नसे. बाण चामड्याच्या लक्ष्याच्या आरपार जावा हा हेतूच नव्हता. शस्त्राच्या वापराला लयीचे बंधन घालून हिंसक कौशल्याचे रूपांतर शिस्तीत करणे, हे या विधीचे कार्य होते.

साधेपणाचे मूल्य

चिनी विधी म्हटले की भव्यता डोळ्यांसमोर येते. ग्रंथांतील मूल्यक्रम मात्र वेगळा आहे. महत्त्वाच्या अर्पणविधीत मद्याच्या पात्रांमध्ये मानाच्या जागी 'श्याम मद्य' ठेवले जाई, आणि हे श्याम मद्य म्हणजे निव्वळ पाणी असे. मांसाच्या महारसात मीठमसाला घातला जात नसे. सर्वश्रेष्ठ राजचिन्ह असलेल्या जेड दंडावर कोरीव काम नसे. 'लीजी'तील संगीतविषयक प्रकरणात पूर्वजमंदिरातील तंतुवाद्याचे वर्णन येते. त्याच्या तारांचा नाद खर्जातला आणि मंद असे. एक जण गाई आणि तिघे साथ देत. त्या संगीताचा गुण मागे रेंगाळणाऱ्या नादात होता.

जिभेला व कानाला तृप्त करणे हा या विधींचा उद्देश नव्हता, हे त्या प्रकरणात स्पष्टपणे मांडले आहे. आवडीनिवडींना योग्य वळण लागावे हा उद्देश होता. पाण्याला मद्याच्या वर स्थान देणारी ही रुची पुढील काळातील चिनी कलाविचारात मानल्या गेलेल्या 'अलवणत्वा'च्या, म्हणजे फिकेपणातील रसाच्या, आदर्शाशी नाते सांगते.

संगीत, श्रेणी आणि त्सेंगच्या अधिपतीची समाधी

'ली' आणि 'युए' (संगीत) हे शब्द प्राचीन ग्रंथांत जोडीने येतात. संगीत माणसांना एकत्र आणते आणि विधी त्यांच्यातील भेद राखतो, अशी 'लीजी'तील मांडणी आहे. निव्वळ संगीत असेल तर सैलपणा येतो. निव्वळ विधी असेल तर दुरावा येतो. म्हणून सुसंवाद म्हणजे सर्वांचा एकच स्वर नव्हे, तर भिन्न स्वरांचा मेळ होय.

येथेच सौंदर्य आणि सत्ता यांची गाठ पडते, कारण राखावयाचे भेद प्रत्यक्षात सामाजिक श्रेणीचे होते. ग्रंथांतील नियमानुसार 'डिंग' या तिपायी कांस्यपात्रांची संख्या सम्राटासाठी नऊ, अधिपतींसाठी सात, त्याखालील सरदारांसाठी पाच आणि सामान्य अधिकाऱ्यांसाठी तीन अशी होती. नर्तकांच्या रांगाही ठरलेल्या होत्या. लू राज्यातील जी घराण्याने आपल्या अंगणात सम्राटाला शोभणाऱ्या आठ रांगांचे नृत्य घडवले, तेव्हा हे खपवून घेतले तर पुढे काय खपवून घ्यायचे राहील, अशा आशयाचा संताप कन्फ्यूशियसने व्यक्त केला. नृत्य वाईट होते, असा त्याचा आक्षेप नव्हता. चुकीच्या जागी केलेले सुंदर नृत्य त्याला असुंदर वाटले.

हा सिद्धांत पारखून पाहण्यासाठी एक पुरातत्त्वीय पुरावा उपलब्ध आहे. हूबेई प्रांतातील स्वेइझोऊ येथे १९७८ साली त्सेंग राज्याचा अधिपती यी याची समाधी उत्खनित झाली. एका घंटेवरील लेखावरून तिचा काळ इ. स. पू. ४३३ च्या सुमाराचा ठरतो. समाधीत ६५ कांस्य घंटांचा संच तीन स्तरांच्या चौकटीवर टांगलेल्या स्थितीत मिळाला. घंटांचे एकत्रित वजन सुमारे अडीच हजार किलोग्रॅम आणि स्वरांचा पल्ला पाच सप्तकांचा आहे. घंटांचा छेद बदामाच्या आकाराचा असल्याने प्रत्येक घंटेतून मध्यभागी व बाजूला आघात केल्यास दोन वेगळे स्वर निघतात. घंटांवर स्वरशास्त्राविषयीचे विस्तृत लेखही कोरलेले आहेत. प्राचीन जगातील संगीतविषयक तंत्रज्ञानाचा हा एक शिखरबिंदू होय. हा संच वुहान येथील हूबेई प्रांतीय संग्रहालयात आहे.

याच समाधीत नऊ 'डिंग' पात्रे आहेत. ग्रंथांतील नियमाप्रमाणे अधिपतीला सातच शोभतात. आणि याच समाधीत अधिपतीसोबत पुरलेल्या २१ तरुण स्त्रियांचे अवशेष आहेत. आठ जणी त्याच्या शवपेटीच्या दालनात होत्या, तेरा जणी पश्चिमेकडील दालनात. अचूक स्वरमेळ आणि हे मृत्यू एकाच विधीचे भाग होते. विधीचे सौंदर्य आपोआप नैतिक असते, असे मानणाऱ्या कोणालाही या समाधीसमोर थांबावेच लागते.

तथापि, या प्रथेवरील सर्वांत कठोर टीका विधिपरंपरेतूनच झाली, हेही नमूद केले पाहिजे. मृतांबरोबर पुरण्यासाठी माणसासारख्या बाहुल्या प्रथम ज्याने बनवल्या त्याचा कन्फ्यूशियसने धिक्कार केला, असे मेन्सियस सांगतो. मानवी रूपाचा असा वापर जिवंत माणसांच्या बळीच्या वाटेवर नेतो, हे त्यामागील भय होते. मृताला निरोप देण्यासाठी जिवंताला मारणे हा शुन्झीने सरळ गुन्हा मानला. 'लीजी'त समाधीत ठेवण्याच्या वस्तूंविषयी एक विलक्षण नियम आहे. तंतुवाद्याला तारा असाव्यात, पण त्या जुळवलेल्या नसाव्यात. घंटा असाव्यात, पण त्या टांगण्याची चौकट नसावी. मृताला केवळ मृत मानणे हे प्रेमशून्य आणि जिवंत मानणे हे शहाणपणाला सोडून, म्हणून वस्तू मुद्दाम अपुऱ्या ठेवाव्यात, असे स्पष्टीकरण तेथे आहे. 'लीजी'चे संकलन या समाधीनंतरचे आहे, तेव्हा यी याने तिचा नियम मोडला असे म्हणता येणार नाही. परंतु चौकटीवर टांगलेल्या, स्वर जुळवलेल्या घंटांच्या शेजारी हा चौकटीविना घंटांचा नियम ठेवून पाहिला, की मात्रेच्या तत्त्वाची किंमत कळते. अपुरी वस्तू दुःखाला वाट देते आणि जिवंतांचे प्राणही वाचवते.

आक्षेप आणि त्यांचे मोल

इ. स. पू. पाचव्या शतकातील मोझी याने अवाढव्य संगीतयोजना आणि खर्चिक अंत्यविधी या दोहोंवर कठोर हल्ला चढवला. घंटानाद मधुर असतो हे त्याला मान्य होते. त्याचा प्रश्न वेगळा होता. त्या नादाने भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र आणि श्रमलेल्याला विसावा मिळतो काय? राजांच्या वाद्यांसाठी जनतेवर कर बसतात आणि धडधाकट माणसे शेती सोडून वादनात गुंततात, हे त्याने दाखवून दिले. लाओझीच्या नावे असलेल्या ग्रंथात तर निष्ठा विरळ होते तेव्हाच 'ली' येते, असा सूर आहे.

शुन्झीने मोझीला दिलेले उत्तर असे, की आनंद ही माणसाची अटळ गरज आहे. तिला रूप दिले नाही तर ती बेबंद होते. पर्जन्यासाठी केलेल्या विधीने पाऊस पडतो असे तो मानत नव्हता. विधीविनाही पाऊस पडतोच, असे तो स्पष्ट म्हणतो. तरीही तो विधी राखावा, कारण सुज्ञ माणूस त्याकडे 'वेन' म्हणून, मानवी भावनेची नक्षी म्हणून पाहतो. फलप्राप्तीचा दावा सोडूनही विधीला अर्थ उरतो, हे प्रतिपादन प्राचीन जगातील सौंदर्यविचारात लक्षणीय आहे. ते मोझीच्या प्रश्नातील अर्ध्याच भागाला मात्र उत्तर देते. खर्च कोणी सोसायचा, हा भाग शिल्लक राहतो. 'ली' सामान्य जनतेपर्यंत उतरत नाही, असे 'लीजी'तच म्हटले आहे.

विसाव्या शतकात हा शिल्लक प्रश्न पुन्हा उसळून आला. १९१२ साली राजेशाही संपली आणि १९१८ मध्ये लू शुन याने 'एका वेड्याची रोजनिशी' या कथेत परंपरेच्या नीतिवचनांआड दडलेले माणूसखाऊपण उघडे केले. पुढे विचारवंतांनी या परंपरेकडे नव्याने पाहिले. अमेरिकी तत्त्वज्ञ हर्बर्ट फिंगारेट याने १९७२ सालच्या कन्फ्यूशियसवरील ग्रंथात हस्तांदोलनासारख्या साध्या कृतीतूनही विधीची पावित्र्यनिर्मिती कशी घडते हे दाखवले. चिनी सौंदर्यमीमांसक ली झेहोऊ (१९३० ते २०२१) याने १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सौंदर्याची वाट' या ग्रंथात, सामूहिक विधींचा आशय कालौघात रूपांमध्ये साचत जातो आणि त्यातून सौंदर्यजाणीव घडते, अशी मांडणी केली.

समारोप

वरील विवेचनावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर निश्चितपणे देता येते. प्राचीन चिनी विचारात विधीचे सौंदर्य हा बाह्य साज नाही. वस्त्राची वीण, पायऱ्यांची दिशा, बाणाची लय आणि पात्रातले पाणी यांतून भावनेला मात्रा लाभते आणि ती इतरांपर्यंत पोहोचते. भावना आणि रूप यांचा असा मेळ हेच 'ली'चे प्रमुख सौंदर्यमूल्य होय.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. सुंदर विधी अन्यायाला पोसू शकतो आणि त्याला देखणे रूपही देऊ शकतो. परंतु मात्रेचे तत्त्व खरोखर मानले, तर ते विधीलाही लागू करावे लागते. प्रत्येक विधीकडे त्यामागे कोणता भाव आहे, तो भाव आणि हे रूप यांचे प्रमाण जुळते काय आणि या सौंदर्याचा भार कोणावर पडतो, असे विचारावे लागते. यांपैकी पहिले दोन प्रश्न कन्फ्यूशियस आणि शुन्झी यांनी शिकवले; तिसरा मोझीने. 'ली'चा अभ्यास करताना या तिघांना एकत्र वाचले, तरच त्सेंगच्या घंटांचे माधुर्य आणि त्यांच्या शेजारी पुरलेल्या एकवीस जणींचे मौन ही दोन्ही आपल्याला ऐकू येतील.